काढून टाकलेली फाइल

ज्या दिवशी मालकांच्या जावईबापूंनी तिची फाइल काढून टाकली, त्या दिवशी ती रडली नाही की भांडली नाही. घरी आली आणि भांडी घासायला घेतली. खरकटी संपल्यावर कपाटातली स्वच्छ भांडी काढून तीही घासली. तिचा नवरा दारात उभा राहून बघत होता. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. घराच्या मागच्या खोलीत त्याचं प्लास्टर, मेण आणि बारीक कानशींचं बस्तान होतं. हात कायम पांढरे, बोलणं मोजकं.

"अगं, त्या पातेल्याने तुझं काय घोडं मारलंय?"

"पातेल्याने काही नाही," ती म्हणाली आणि पुढचं पातेलं घेतलं.

ऑफिसात तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे फुटपट्टी. अंगाने ती होतीच तशी, सडसडीत आणि सरळ. त्यात कुणाचंही काम हाती आलं की आधी मोजून बघायची खोड. दोन्ही नावं तिला ठाऊक होती आणि दोन्हींचा तिला राग नव्हता. बावीस वर्षांपूर्वी ती या कंपनीत नुसते आकडे टाइप करायला लागली होती. प्रोग्रॅमिंग शिकली ती जेवणाच्या सुट्टीत, लोकांनी टाकून दिलेली जुनी मॅन्युअलं वाचून. कंपनी स्वेटर विणणाऱ्या मोठ्या यंत्रांचे कंट्रोल बनवायची. यंत्रावर सुयांची लांबच लांब रांग, रांगेवरून मागेपुढे धावणारी एक लोखंडी गाडी, आणि त्या गाडीला कुठून वळायचं ते सांगणारी एक चिप.

ती चिप बाजारात मिळेनाशी झाली, तेव्हा मोठ्या साहेबांनी, म्हणजे मालकांनी, स्वतःची चिप बनवून घेतली. चिप आली खरी, पण तिची भाषा कुठल्याच कम्पायलरला येत नव्हती. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम चिपच्या हुकमांमध्ये उतरवतो तो कम्पायलर. त्याचा पुढचा अर्धा भाग तयार मिळतो, पण प्रत्यक्ष हुकूम लिहून देणारा मागचा भाग, ज्याला बॅक-एंड म्हणतात, तो नव्या चिपसाठी नव्यानेच लिहावा लागतो. तो कोण लिहिणार असं साहेबांनी विचारल्यावर मीटिंगमधल्या प्रत्येकाने आपापल्या कपातल्या चहाकडे बघितलं.

"मी बघते," ताई म्हणाली.

बघता बघता तीन वर्षं गेली. चिप एवढीशी, तिच्या पोटात कम्पायलर मावणं शक्यच नव्हतं. म्हणून कम्पायलर चालायचा ताईच्या टेबलाखालच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, आणि त्याने काढलेला कोड केबलवाटे टेबलावरच्या बोर्डात बसवलेल्या चिपमध्ये जायचा. एका यंत्रावर बसून दुसऱ्या यंत्रासाठी कोड काढायचा, याला क्रॉस-कम्पायलिंग म्हणतात. पहिल्यांदा बोर्डावरचा दिवा लुकलुकला तेव्हा ताईने शेजारच्या टेबलावरच्या अकाउंटंटला हाताला धरून उठवून आणलं होतं. तो बिचारा दिव्याकडे बघून म्हणाला, "छान आहे. बंद कसा होतो?"

नवऱ्याला मात्र चटकन कळलं. "मग माझंही तेच की. दात बनतात माझ्या टेबलावर, चावतात दुसऱ्याच्या तोंडात."

"आणि स्वतःच्या तोंडाचं माप धरून दुसऱ्याचे दात केलेत तर?"

"तर गिऱ्हाईक कवळी माझ्या अंगावर फेकून जातं."

ताईला नेमकी हीच धास्ती होती. प्रोग्रॅममधली जी गणितं आधीच सुटण्यासारखी असतात, ती कम्पायलर स्वतःच सोडवून टाकतो आणि चिपला आयतं उत्तर देतो. पण कम्पायलर चालतो मोठ्या कॉम्प्युटरवर. त्याला लाख-कोटी म्हणजे किस झाड की पत्ती. चिपला मात्र पासष्ट हजार पाचशे पस्तीसच्या पुढे मोजताच येत नव्हतं; त्यापुढे गेलं की मोजणी पुन्हा शून्यापासून. म्हणजे तेच गणित कम्पायलरने सोडवलं तर एक उत्तर, चिपने सोडवलं तर भलतंच. म्हणून ताईने एक वेगळी फाइल लिहिली. कम्पायलरने करायचं प्रत्येक गणित चिपच्याच मापात करायचं आणि माप ओलांडलं की बोंब ठोकायची, एवढंच त्या फाइलचं काम. ती हळू चालायची, हे ताईलाही कबूल होतं. "आधी नीट उभं राहू दे, मग पळायला शिकवते," असं ती म्हणायची.

तेवढ्यात मोठ्या साहेबांचे जावई कंपनीत आले.

जावईबापू दिसायला वाईट नव्हते, बोलायलाही वाईट नव्हते. पाहुणे यायचे होते, त्यांना नवी चिप दाखवायची होती. यंत्राचा अख्खा प्रोग्रॅम कम्पाइल व्हायला अकरा मिनिटं लागत, ती जावईबापूंना फार वाटली. त्यांनी शोधाशोध केली, हळू चालणारी फाइल सापडली, त्यांनी ती उडवली. अकराची आठ मिनिटं झाली. पाहुण्यांसमोर पडद्यावर आठचा आकडा झळकला आणि त्याखाली 'नवा बॅक-एंड' म्हणून एकच नाव. ते ताईचं नव्हतं. ती शेवटच्या रांगेत बसली होती. तिनेही टाळ्या वाजवल्या, हात आपोआप वाजले.

त्याच दुपारी तिने जावईबापूंना मेल लिहिली. ही फाइल काढू नका. आज काही बिघडणार नाही. पण ज्या दिवशी सुयांची संख्या यंत्राच्या पॅनेलवरून घ्याल, त्या दिवशी गणित चिपवर पडेल आणि मोठ्या यंत्रावर गाडी भलत्या जागी वळेल.

उत्तर एका ओळीचं आलं. 'ताई, जुन्या सवयी सोडायला शिका.'

आठवडाभरात तिचं टेबल हललं. स्टोअरच्या बाजूला झेरॉक्स मशीनची एक खोली होती, तिथे बसून तिने आता यंत्रांची मॅन्युअलं लिहायची होती. तीन वर्षांचं काम एका खोक्यात मावलं. खोकं उचलताना तिने मनाशी ठरवलं, आता या माणसाशी त्या फाइलबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. आपण काहीच करायचं नाही. खड्डा त्याचा त्यानेच खणला आहे, आपण फक्त काठावर बसायचं.

आणि ती बसली. दीड वर्ष बसली. एखाद्याचा राग काळ जातो तसा निवतो. तिचा मुरत गेला. जावईबापू पॅसेजमध्ये भेटले की ती हसून "बरे आहात ना सर?" विचारायची. त्यांच्या नव्या गाडीचं कौतुक करायची. त्यांना वाटायचं, बाई निवळली. ती मनात म्हणायची, चढ बाबा, अजून वर चढ.

तिची जागा एका सव्वीस वर्षांच्या मुलीला दिली होती. सगळे तिला नवी म्हणत. दुसरं वर्ष लागलं तरी नवीच. पोरगी हुशार होती आणि भिडस्त होती. एकदा ती झेरॉक्सच्या खोलीत आली, दारातच घुटमळली.

"ताई, एक विचारू? जुन्या रेकॉर्डमध्ये तुमची एक फाइल दिसते. नंतर कुणीतरी काढलीय. का काढली असेल?"

ताईच्या जिभेवर सगळं आलं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. खुर्ची ओढून पोरीला बसवायचं आणि सांगायचं. पण पोरीला सांगितलं म्हणजे ती जावईबापूंना सांगणार, जावईबापू फाइल परत घालणार, आणि वर म्हणणार मीच शोधलं.

"तुझ्या सरांना विचार," ताई म्हणाली आणि कागदात डोकं घातलं.

नवी मग "बरं" म्हणून गेली. सरांना विचारण्याइतकी तिची छाती नव्हती, हे ताईला चांगलं माहीत होतं.

पुढे काही महिन्यांनी नव्या मॉडेलचा कागद मॅन्युअलसाठी ताईच्या टेबलावर आला. नेहमीचीच यादी: रंग, वजन, विजेची गरज. सातव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. या मॉडेलमध्ये सुयांची संख्या चालवणाऱ्याने पॅनेलवर निवडायची होती. नऊशे किंवा बाराशे.

तिने चष्मा पुसला आणि ओळ पुन्हा वाचली. मग उठून दार लोटून घेतलं आणि मॅन्युअलात आपल्या हाताने टाइप केलं: 'यंत्र सुरू करण्यापूर्वी पॅनेलवर सुयांची संख्या निवडा.' स्वल्पविराम कुठे द्यायचा यावर तिने दोन मिनिटं घालवली. त्या संध्याकाळी ती गाणं गुणगुणत घरी आली. नवऱ्याने कवळीवरून नजर उचलली.

"काय गं, लॉटरी लागली का?"

"लागेल," ती म्हणाली.

पाच आठवड्यांनी लागली.

एका कारखान्यात नव्या यंत्रावर एक बाई काम करत होती. आधीचा माल नऊशे सुयांचा होता, तो सुरळीत गेला. मग तिने पॅनेलवर बाराशे निवडले, जसं मॅन्युअलात लिहिलं होतं तसं. गाडी भरवेगात निघाली, थोडी पुढे गेली आणि मध्येच उलटी फिरली. बेचाळीस सुया काडीसारख्या मोडल्या. एका सुईचं टोक उडून त्या बाईच्या भुवईत घुसलं. बोटभर खाली लागलं असतं तर डोळाच गेला असता. तीन टाके पडले.

ही बातमी ताईला स्टोअरच्या माणसाने सांगितली. सुयांचं ऐकलं तेव्हा तिच्या मनात आनंदाची उकळी फुटली. खोटं कशाला सांगायचं, फुटली. भुवईचं ऐकलं तेव्हा ती उकळी तिथल्या तिथे विरली. दीड वर्षात तिने जावईबापूंचा पडलेला चेहरा शंभर वेळा डोळ्यांसमोर आणला होता. त्या चित्रात यंत्रासमोर कुणी उभं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मीटिंग लागली. मॅन्युअलात काही चुकीचं छापलं गेलं का हे बघायला ताईलाही बोलावलं. मोठे साहेब टेबलाच्या टोकाला. जावईबापूंच्या हातात कागद.

"चूक सापडली आहे," जावईबापू म्हणाले. "गेल्याच आठवड्यात बॅक-एंडमध्ये एक बदल झालाय. तो यांनी केला." त्यांनी नवीकडे बोट दाखवलं. "मला न विचारता. माझं मत आहे, यांना आजच मोकळं करावं."

नवी अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. नुसती मान हलवत राहिली. कागदावर दिसत होतं, तिचा बदल एका साध्या लूपमधला होता, त्याचा गाडीशी काडीचा संबंध नव्हता. आणि हे त्या खोलीत फक्त दोघींना ठाऊक होतं.

ताई उभी राहिली.

"साहेब, मला एक बोर्ड द्या आणि दहा मिनिटं द्या."

"ताई, हा मॅन्युअलचा विषय नाहीये," जावईबापू म्हणाले.

"बसा सर. दीड वर्ष मी बसलेय, दहा मिनिटं तुम्ही बसा."

बोर्ड आला. ताईने सगळ्यांसमोर दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. गाडीने किती पुढे जायचं याचंच ते गणित होतं: सुयांची संख्या गुणिले साठ, भागिले शंभर. पहिल्या ओळीत तिने बाराशे हा आकडा प्रोग्रॅममध्येच लिहिला. दुसऱ्या ओळीत तोच आकडा पॅनेलवरून घेतला. मोठ्या कॉम्प्युटरवर कम्पाइल केलं, बोर्डात भरलं. पडद्यावर दोन उत्तरं उमटली. सातशे वीस. चौसष्ट.

मोठे साहेब पुढे वाकले. "तेच गणित ना?"

"तेच. पहिलं मोठ्या कॉम्प्युटरने आधीच सोडवून ठेवलं, म्हणून बरोबर आलं. जुन्या यंत्रांत आकडा प्रोग्रॅममध्येच असायचा, त्यामुळे कुणाला कधी कळलं नाही. दुसरं चिपने स्वतः सोडवलं. बाराशे गुणिले साठ म्हणजे बहात्तर हजार, ते चिपमध्ये मावतच नाहीत. नऊशेला मावतात, म्हणून नऊशेचा माल नीट गेला. बाराशेला गाडी सातशे वीसवर वळायची, ती चौसष्टवर वळली."

मग तिने जुन्या रेकॉर्डमधून आपली फाइल काढली, परत घातली आणि पुन्हा कम्पाइल करायला लावलं. या वेळी पहिल्या ओळीवरच कम्पायलर थांबला. पडद्यावर तांबडं वाक्य आलं: हे गणित चिपच्या मापात बसत नाही.

"ही फाइल जागेवर असती तर बाराशेचा प्रोग्रॅम पहिल्यांदा कम्पाइल झाला त्याच दिवशी ही बोंब ऐकू आली असती. लिहिणाऱ्यांनी तेव्हाच गणित सुधारलं असतं. ती कुणी काढली, ते रेकॉर्डमध्ये आहे. काढू नका म्हणून मी लिहिलं होतं, ते यात आहे." तिने मेलचा कागद टेबलावर ठेवला आणि एका बोटाने साहेबांकडे सरकवला. "आणि त्याखाली उत्तर आहे."

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. जावईबापूंच्या कपाळावर घाम आला होता. ते टायची गाठ सैल करत होते आणि ती आणखीच आवळत होती. ताई टक लावून बघत राहिली. हा चेहरा तिने कमावला होता, आणि त्यातला एक थेंबही तिला सांडू द्यायचा नव्हता.

"घरी तुम्ही जावई आहात," मोठे साहेब सावकाश म्हणाले. "इथे आता कुणीच नाही."

जावईबापू उठले. दारापर्यंत गेले आणि वळले. पडला तरी माणूस अगदीच बावळट नव्हता. "यांना हेही विचारा," ते म्हणाले, "की नवं मॉडेल येतंय हे यांना कधी कळलं? मॅन्युअल कुणी लिहिलं?"

साहेबांनी ताईकडे बघितलं. "ताई?"

माझ्या लक्षात आलं नाही, असं म्हणता आलं असतं. कुणी धरलं नसतं.

"मी लिहिलं," ताई म्हणाली. "वाचताक्षणी मला कळलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही."

निकाल दुपारी लागला. बॅक-एंड नवीकडेच राहणार. ताईने सहा महिने तिला हाताशी धरून सगळं शिकवायचं आणि मग नोकरी सोडायची. साहेब ओरडले नाहीत. "बावीस वर्षं तुमच्या मोजमापावर डोळे मिटून विश्वास ठेवला हो," एवढंच म्हणाले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

पॅसेजमध्ये नवी उभी होती. आपण हिला वाचवलं, तेव्हा दोन गोड शब्द तरी येतील असं ताईला वाटलं होतं.

"मी तुम्हाला विचारायला आले होते," नवी म्हणाली. "दारात उभी होते. आणि तुम्ही..."

"तुझ्याशी माझं काही नव्हतं गं."

"पण लागलं मलाच ना? आणि त्या बाईला." तिने डोळे पुसले. "उद्यापासून किती वाजता शिकवणार आहात, मॅडम?"

दीड वर्ष ताई म्हणणारी पोरगी त्या दिवसापासून मॅडम म्हणू लागली.

दुरुस्त केलेला प्रोग्रॅम घेऊन दोघी त्या कारखान्यात गेल्या. बसमध्ये नवी पुढच्या सीटवर बसली, ताई मागच्या. यंत्राशी तीच बाई होती. पन्नाशीची, अंगाने भरलेली, कामाला चलाख. भुवईवर ताजी गुलाबी रेघ. नवी बोर्डाला केबल जोडत होती तोवर बाई सूत उलगडत ताईशी बोलायला लागली.

"कुणाची चूक निघाली हो शेवटी?"

"होता एक साहेब. काढला त्याला."

"बरं झालं. असल्यांना दारात उभं करू नये."

ताईने घसा साफ केला. "आणखी एक जण होती. तिला आधीपासून माहीत होतं."

"आणि बोलली नाही?"

"नाही बोलली."

बाईने दाताने सूत तोडलं. "मग तिलाही हाकला की," ती सहज म्हणाली. "तिला कशाला ठेवलीय?"

बोर्डावर वाकलेल्या नवीने मान वर केली नाही. "सहा महिन्यांनी जाणार आहे ती," ताई म्हणाली. बाई म्हणाली, "सहा महिने फार झाले."

ताईने ते सहा महिने भरले. शिकवताना हातचं काही राखलं नाही. ती फाइल दोघींनी मिळून पुन्हा लिहिली आणि ती आता पळायचीही. शेवटच्या दिवशी नवीने हात मिळवला. पण तिच्या तोंडून 'ताई' काही आलं नाही. बाहेर पडल्यावर ताईला वजनकाटे बनवणाऱ्या एका लहान कंपनीत काम मिळालं, तिथेही चिप होती आणि तिथेही कम्पायलर रडत होता.

त्या यंत्रावरच्या बाईसाठी तिचा जीव अजून तुटतो. नवीसाठीही. पण जावईबापूंबद्दल तिला विचाराल तर पश्चात्तापाचा लवलेश नाही. उलट मध्यंतरी कुणीतरी बातमी आणली, की जावईबापू आता व्याख्यानं देतात. विषय: एका अपघातातून मी काय शिकलो. ऐकून ती तासभर घरात येरझाऱ्या घालत होती.

"अगं, सोड ना आता," नवरा म्हणाला. "झाली की फिट्टंफाट."

"मी कुठे काय करतेय? ऐकायला तर जाऊ शकते ना मी?"

रविवारी सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून गेली. पहिल्या रांगेत, बरोबर मधली खुर्ची धरून बसली. जावईबापू व्यासपीठावर आले, समोर बघितलं आणि पहिलंच वाक्य दोनदा म्हणाले. तिने पर्समधून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि शेवटपर्यंत मान खाली घालून लिहीत राहिली. ती लिहायला लागली की ते अडखळायचे. ती थांबली की आणखीच अडखळायचे. ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी त्यांनी आभार मानले.

घरी येऊन तिने चपला काढल्या आणि वही नवऱ्याच्या टेबलावर, मेणाच्या दातांशेजारी ठेवली.

"सतरा चुका," ती म्हणाली.

"मग? उभी राहून विचारलंस का काही?"

"नाही विचारलं," ती पाण्याचा ग्लास भरत म्हणाली. "पुढच्या महिन्यात परत व्याख्यान आहे म्हणे त्यांचं."